बटाट्याचा कार्बन

आता आधीच सांगून ठेवतो, हे सगळं मला नीट आठवतंय याची मलाच खात्री नाही... म्हणजे उन्हाळा होता हे नक्की, कारण घरात लिंबं होती... छे, लिंबं तर आमच्याकडे बारा महिने असतात! बघा, सुरुवातच डळमळीत. पण तुम्हीच सांगा, चष्मा नाकावर आहे की कपाळावर, हे ज्याला हात लावून बघावं लागतं, त्या माणसाला हजारभर पानांचं पुस्तक तपासायला द्यावं का? आणि तेही प्रगत सेंद्रिय रसायनशास्त्राचं? पण दिलं! मला दिलं!

तुम्हाला सांगतो, मी आपला हैदराबादेत, नारायणगुड्याच्या घरी निवांत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेली की कॉलेजच्या शिपायानंसुद्धा दिवाळीला फोन करणं सोडलं होतं. आणि एके दिवशी विद्यापीठाच्या पुस्तक-समितीच्या अध्यक्षांचा फोन. तेलुगू गृहस्थ, आवाजात नुसतं तूप. "भगवंतराव गारू, नमस्कारम्! एमेस्सीच्या पोरांसाठी एक नवीन टेक्स्टबुक लावायचंय सार. तुम्ही जस्ट बघायचं, जस्ट सांगायचं. येस ऑर नो!"

मी विचारलं, लेखक कोण? तर म्हणे अपर्णा. आता ही अपर्णा माझीच विद्यार्थिनी, कुकटपल्लीला एका कॉलेजात शिकवते. मी म्हटलं, अहो, मग मी कसा तपासणार? लोक म्हणतील, गुरूनं चेलीचं पुस्तक पास केलं! तर ते म्हणाले, "सार, हैदराबादमध्ये ऑर्गॅनिक शिकलेला आणि तुमच्याकडे न शिकलेला असा माणूस मला दाखवा. मी त्याला देतो."

काय बोलणार? मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू! पण फोन ठेवला आणि चिंता लागली. कारण बघा, त्या पोरीनं सगळ्या सुट्ट्या त्या पुस्तकात घातलेल्या, मी 'नको' लिहिलं की मेहनत पाण्यात. मी 'हो' लिहिलं आणि आत चूक निघाली, तर दर वर्षी शेकडो पोरं ती चूक पाठ करणार आणि इथल्या औषधांच्या कंपन्यांत जाऊन बसणार! आणि तिसरं... तिसरं म्हणजे मी. लोक म्हणणार, 'सर थकले आता.' असं कोणी तोंडावर म्हणत नाही हो, नुसतं मान हलवून तुमच्या हातातला खडू काढून घेतात. म्हणून ठरवलं, सही करण्याआधी प्रत्येक गोष्टीची एकदा तसल्ली करून घेतलेली बरी!

वाचायला बसलो. आणि काय सांगू, पुस्तक चांगलं होतं! फार चांगलं! मला वाईटच वाटलं. अहो, वाईट पुस्तक तपासणं सोपं असतं, तिसऱ्या पानावर चूक सापडते, माणूस चहा पिऊन झोपतो. चांगलं पुस्तक म्हणजे परीक्षा. त्यातून या प्रगत पुस्तकांची एक खोड असते. दोन समीकरणं देतात आणि खाली लिहितात, 'यावरून वाचकाच्या सहज लक्षात येईल की...' सहज! मी सकाळी बसायचो, जेवणाची हाक यायची, तरी माझ्या काही लक्षात आलेलं नसायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. आमची बायको उषा म्हणायची, "अहो, पुस्तक तपासताय की एमेस्सीला बसताय?"

असं करत करत आलो सातव्या प्रकरणाला. आणि तिथे तो प्रश्न.

आता तुमच्यापैकी कोणी रसायनशास्त्राचं नसेल तर घाबरू नका, गोष्ट सोपी आहे. कार्बनला चार हात असतात. चारही हातांत चार वेगळ्या वस्तू असल्या, की त्या कार्बनच्या दोन जाती होतात, एक उजवी आणि एक डावी. चपलांसारखं! दिसायला सारख्या, पण डावी उजव्या पायात जात नाही. एक जात ताप उतरवते, दुसरी नुसतीच पोटात जाऊन बसते. ती ओळखायची कशी? चौघांत जो सगळ्यात धाकटा, तो आपल्यापासून लांब धरायचा. उरलेल्या तिघांकडे मानाप्रमाणे बघत जायचं, थोरला, मधला, तिसरा. नजर घड्याळाच्या काट्यासारखी फिरली तर 'आर', उलटी फिरली तर 'एस'. संपलं!

तर प्रश्नात एक भलामोठा रेणू. मधल्या कार्बनच्या एका हाताला ऑक्सिजन, तो थोरला. एका हाताला हायड्रोजन, तो धाकटा. आणि उरलेल्या दोन हातांना कार्बनच्या दोन फांद्या, एक पानभर ताणून काढलेली, दुसरी जागा पुरली नाही म्हणून कोपऱ्यात दुमडलेली. लांब फांदीचा मान मोठा. प्रश्न, हा कार्बन आर की एस? पुस्तकाच्या शेवटी उत्तर, आर.

सकाळी केलं, आर आलं. छान! पण एकदा तसल्ली करून घेतलेली बरी, म्हणून दुपारी केलं... एस! संध्याकाळी दिवाणखान्यात उभं राहून हवेत हात फिरवून केलं, तेव्हा आर. समोरच्या गॅलरीतल्या रेड्डीबाई उषाला विचारत होत्या म्हणे, "सार बस चालवायला शिकतायत का?"

मग लक्षात आलं, हातात धरता येईल असा रेणू पाहिजे. आमच्या वेळचे लाकडी गोळे-काड्या कॉलेजात राहिले. घरात काय आहे? स्वयंपाकघर! बटाटा घेतला, तो कार्बन. चार टूथपिक खोचल्या. ऑक्सिजनला लिंबू, लांब फांदीला छोटं वांगं, दुमडलेल्या फांदीला हिरवी मिरची, हायड्रोजनला द्राक्ष. काय सुरेख रेणू झाला होता!

"अहो, ते वांगं बगाऱ्याच्या भाजीचं आहे," उषा म्हणाली. "आज नीलिमा माहेरी जेवायला येतेय."

"उषा, हे वांगं नाही. ही फांदी आहे."

"मग आज फांद्यांची भाजी करू का? ठेवा ते खाली!"

ठेवलं नाही मी. बघितलं तर, आर. पुन्हा बघितलं, आर. आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! सही करा! पण नाही. वाटलं, आपण एकटे. दुसऱ्या जाणत्या माणसाकडून एकदा तसल्ली करून घेतलेली बरी! काचीगुड्याला आमचे एकनाथराव राहतात, माझ्याबरोबर जन्मभर ऑर्गॅनिक शिकवलेले. मी आयुष्यात एकदाही ठामपणे बोललो नाही आणि ते आयुष्यात एकदाही चुकले नाहीत... असं त्यांचं म्हणणं. लावला त्यांना व्हिडिओ कॉल.

"काय भगवंतराव, हातात काय ते? भाजी घ्यायला गेलात का?"

"एकनाथराव, हा रेणू आहे. आर की एस, एवढंच सांगा."

आता बघा हं. धाकटा लांब धरायचा, म्हणजे एकनाथरावांपासून लांब, म्हणजे द्राक्ष माझ्या छातीकडे! बटाट्याच्या मागून मला काय दिसणार, कपाळ? म्हणून मी फोनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात बघत होतो, जिथे आपला आपण दिसतो. तिथे लिंबू, वांगं, मिरची... चक्क उलटे फिरले! एस!

"आर!" तिकडून एकनाथराव.

"अहो, नीट बघा! एस आहे!"

"बिलकुल आर! तुम्हाला घड्याळ कळतं का भगवंतराव?"

"मला समोर दिसतंय, एस!"

"मलाही समोरच दिसतंय! माझ्या समोर आणि तुमच्या समोर वेगळं आहे का? भगवंतराव..." आणि इथे ते थांबले हो. आवाज खाली आणून म्हणाले, "तब्येत बरी आहे ना? उषावहिनी आहेत का जवळ?"

संपलं! तेच वाक्य! 'सर थकले' याचं सभ्य भाषांतर! माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ज्या गोष्टी मी पोरांना झोपेत शिकवायचो, त्या आता मला दिसेनात? फोन तसाच धरून बसलो. छोट्या चौकोनात माझं तोंड, हातात तो बटाटा, आणि मागे भिंतीवर कॅलेंडर... आणि कॅलेंडरवरचे आकडे उलटे! सगळे आकडे उलटे! आपला आपण जो दिसतो ना फोनमध्ये, तो आरशातला असतो हो! आरशात उजवं डावं होतं, आर एस होतं! म्हणजे त्यांना खरं दिसत होतं आणि मला उलटं!

"एकनाथराव, आरसा! आरसा आहे हा!"

"वहिनींना द्या फोन," एकनाथराव म्हणाले.

त्यांना समजावेपर्यंत माझा घसा बसला. त्यांना पटलं, पण आवाजात ती काळजी राहिलीच. ती मला पोखरत होती. म्हटलं, प्रत्यक्ष समोरासमोर एकदा तसल्ली करून घेतलेली बरी! पुस्तक काखेत मारलं, रेणू हातात धरला आणि रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, बटाटा, लिंबू, मिरची...

"क्या चचा, किसकी नजर उतारने जारें?"

मी म्हटलं, बेटा, ये केमिस्ट्री है.

"हौ चचा, हमारी अम्मी भी करती केमिस्ट्री. गाडी को बांधती, हर शनिवार." आणि एवढं बोलून त्यानं जो खड्डा घेतला, त्यात मिरची उडाली आणि द्राक्ष निसटून सीटखाली गेलं! दोन काड्या रिकाम्या! आता कोण कुठे होतं? तुम्हाला सांगतो, हे क्षुल्लक नाही. दोन हातांतल्या वस्तूंची अदलाबदल झाली की जात बदलते. उजवी चप्पल डावी होते!

तर काचीगुड्याला एकनाथरावांच्या टेबलावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुस्तक उघडलं, नवा बटाटा, नवी मिरची, द्राक्षाऐवजी वाटाणा. दोघं एका बाजूला, खांद्याला खांदा लावून बसलो. त्यांनी विचारलं, "दोन्ही फांद्या मोजल्यात ना? लांब कोणती, आखूड कोणती?"

"मोजल्यात."

"तुम्ही मोजल्यात म्हणजे प्रश्नच नाही," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही. बटाटा फिरवला. आर! त्यांनी फिरवला. आर! सुनेनं आतून चहा आणला, तोवर आर! घरी आलो आणि अहवाल लिहिला. पुस्तक उत्तम, जरूर लावावं, आणि खाली मुद्दाम एक ओळ, 'सातव्या प्रकरणातील त्या प्रश्नाचे उत्तर विशेष तपासले असून ते अचूक आहे.'

पुस्तक लागलं. अपर्णा घरी येऊन पाया पडून गेली. म्हणाली, "सर, तुम्ही बघितलंय म्हणून मला झोप लागते." अध्यक्ष फोनवर म्हणाले, "बघा सार, जस्ट येस ऑर नो होतं!" आणि 'सर थकले' असं कोणी म्हणालं नाही. पुढची काही वर्षं मी छाती काढून फिरलो... म्हणजे जेवढी निघते तेवढी.

मग माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर नवा डोळा कसा चालतो ते बघावं म्हणून घरातलं सगळ्यात बारीक छपाईचं पुस्तक काढलं, ते नेमकं अपर्णाचं. आणि उघडलं कुठे? सातव्या प्रकरणात! अहो, काय स्वच्छ दिसत होतं! ताणलेली फांदी स्वच्छ, दुमडलेली फांदी स्वच्छ, आणि दुमडलेल्या फांदीच्या कोपऱ्यावर, घडीत दडलेला, एक जास्तीचा कार्बन... जो मी कधी मोजलाच नव्हता.

उषाची विणायची सुई घेऊन, एकेका ठिपक्यावर टेकवत मोजलं. ताणलेली फांदी आणि दुमडलेली फांदी, दोन्ही सारख्या! तंतोतंत सारख्या! आणि चारांतले दोन हात सारखे असले की तो कार्बन ना उजवा, ना डावा. त्याची जातच नसते. तो आर नव्हता, एस नव्हता. तो कोणीच नव्हता!

लगेच अपर्णाला फोन केला. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही रडते. तर हसायला लागली. "सर, मीही नाही हो मोजलं! मी तर स्वतः काढलं होतं चित्र!" पुढच्या आवृत्तीत तिनं प्रश्न तसाच ठेवला, फक्त 'आर, एस की दोन्ही नाही?' असं विचारलं. म्हणते, वर्गातली निम्मी पोरं अजून त्यात सापडतात. मला जरा हलकं वाटलं.

मग एकनाथरावांना सांगायला हवंच होतं. सगळं सांगितलं, फांदी, घडी, सुई. म्हटलं, एकनाथराव, आपण दोघंही चुकलो. तो एस नव्हता, आरही नव्हता.

मग ते म्हणाले, "एस नव्हता ना? मग मी तुम्हाला त्या दिवशी फोनवर दुसरं काय सांगत होतो?"