सभेला दोघं लागतात

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले दुकानदार, कारागीर, त्यांच्या घरची मंडळी, आणि आज ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या फॉर्मबाई,

आधी कबुली देतो. हे भाषण लिहायला मला तीन आठवडे दिले होते. मी ते आज दुपारी, याच हॉलच्या मागच्या पायरीवर बसून लिहिलं. शाळेतही माझं असंच चालायचं, म्हणून ती अर्ध्यावर राहिली. ते असो.

बाईंनी किती छोट्या धंद्यांच्या कंपन्या करून दिल्या, हे पाहुण्यांनी सांगितलंच. मी एकीचंच सांगतो. आमची, शिलाई मशीन दुरुस्तीची. संचालक दोन, मी आणि दादा.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळं माणूस. धंदा बुडाला तर तिचं ती बघेल, तुमच्या आईच्या राहत्या घराला धक्का नको."

मी म्हणालो, "बरं झालं, घरात आणखी एक भावंड."

"भावंडच. पण हिला दरवर्षी कागद खायला घालावे लागतात. उपाशी ठेवलीत तर सरकारी यादीतून नाव कटतं."

दादा म्हणाला, "याच्यापेक्षा परवडली. हा जेवतो आणि गायब होतो."

दादाचं काय चुकलं? माझा पाय एका जागी ठरत नाही. गणवेशाच्या कारखान्यातल्या चाळीस मशिनी उघडून पडल्या होत्या, आणि मी "जरा तेल आणतो" म्हणून निघालो तो थेट बंदराच्या गावात उतरलो. तिथं तंबू शिवणाऱ्यांकडे राहिलो. तंबूची शिवण काय असते म्हणून सांगू, दुहेरी, मेण लावलेली... पण ते आत्ता नको. त्या चाळीसही मशिनी दादानं एकट्यानं जोडल्या. फोनवर एवढंच म्हणाला, "परत आलास, तर मी ज्या खोलीत असेन तिथं येऊ नकोस."

लाजेनं मी घरी पत्र लिहिलं नाही. पण बाईंनी बजावलं होतं, संचालकाचा पत्ता बदलला की कळवायचा, कायदा आहे. कायद्याला मी भितो. सात गावं फिरलो, सातदा बाईंकडे फॉर्म पाठवला. आणि दरवर्षी, असेन तिथं, वार्षिक सभेची नोटीस यायची. स्थळ, आमचंच दुकान. खाली दादाची सही. म्हणजे कुठंतरी आपल्यासाठी खुर्ची मांडलेली आहे, नाही का? तो कागद मी उशीखाली ठेवायचो. गेलो मात्र नाही. सभेला दोघं लागतात. तीन वर्षं सभेच्या वहीत एकच ओळ आहे, 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.' या महिनाअखेरपर्यंत सभा झाली नाही, तर कंपनीचं नाव कटणार.

महिन्यापूर्वी परतलो. दुकानाच्या दारापर्यंत गेलो, आतून मशीनच्या पायडलचा आवाज आला, तसाच माघारी फिरलो. दादाला निरोप धाडला, आज मी या हॉलमध्ये बोलणार आहे म्हणून.

परवा ऑफिसातलं कपाट आवरताना बाईंनी आमच्या कंपनीचं संचालकांचं रजिस्टर माझ्यापुढे धरलं. माझ्या पत्त्यांचं पान. कड मशीनच्या तेलानं काळी झालेली.

"तुझा दादा दर महिन्याला यायचा. सभासदाचा हक्क आहे, वही दाखवा, म्हणायचा. पत्ता वाचायचा आणि जायचा."

"काही बोलायचा?"

"एकदा म्हणाला, तिथं थंडी फार असते का हो बाई?"

बाई, उद्यापासून तुमच्या टेबलामागं कुणी नसेल. आता मी कुठं आहे, हे कुणाला कळवायचं?

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला उभं केलं, उपकार आहेत. भरकटलो असेन, अधिक-उणं बोललो असेन, तर पोटात घाला.

एक मिनिट. माईकवाले काका दाराकडे बघायची खूण करताहेत.

दादा आलाय. काखेत सभेची वही आहे.

अध्यक्ष महाराज, पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या आम्हाला थोडा वेळ लागतील. आणि बाई, जायच्या आधी एवढं लिहून घ्या. सहा वाजून दहा मिनिटं. दोघं हजर.