धाकट्या नगाऱ्याला आग

पोळ्याच्या दुपारी म्या अन् हलीमा नगारे चढवून राहिलो व्हतो, तेच आमचं संगं केलेलं शेवटचं काम. नगारा जोडीनं असतो बघा, एक मोठा, एक धाकटा. मोठा घुमला पाहिजे म्हणून त्याच्या कातड्यावर ओलं फडकं फिरवायचं, धाकटा कडक बोलला पाहिजे म्हणून त्याला जाळावर शेकायचं. मोठ्याला पाणी, धाकट्याला आग. पर आग किती, ते काय सांगू तुम्हाला, मला जलमभर कळलंच न्हाई. हात माझा, कान तिचा. म्या धाकटा तुराट्यांच्या जाळावर फिरवायचो, ती बोटानं टिचकी मारून म्हणायची, अजून, अजून, आता बस. बस म्हणलं की काढायचा. जरा जास्त झालं की कातडं फुटतं.

आम्ही देवणीकडचे नगारची. बाप दर्ग्यात वाजवायचा अन् पोळ्याला बैलांपुढंबी वाजवायचा, म्याबी तेच केलं, शाळा दुसरीतच सुटली. हलीमा भोकरची. नवी नवरी आली अन् सासऱ्यालाच म्हणली, अब्बा, तुमचा धाकटा बसलाय, बोलंना. बाप लई हसला, मला म्हणला, बहिऱ्या, हितून पुढं हिचं ऐकत जा. ऐकलं मंग.

त्या दिवशी वेशीत बैल उभे व्हते, म्या वाजवून राहिलो व्हतो. मधीच धाकटा थंड पडला म्हणून हलीमा त्याला घेऊन कडंला जाळापाशी बसली. तेवढ्यात पोरांनी डीजे दणकावला. गावातल्या माधवचा बैल उधळला, कासरा धरलेला गडी फरफटत गेला, अन् बैलानं तिला शिंगावर घेतलं, साहेब. उचलली, आपटली, परत घेतली. पोट फाटलं. म्या हातातल्या नगाऱ्याच्या दांडक्यानं त्याच्या तोंडावर हाणलं, त्यानं मलाबी झुगारलं, दांडकं कुठं गेलं कळलं न्हाई. उदगीरच्या वाटंला टेम्पोतच ती गेली. शेवटपर्यंत तोंडात शिव्या व्हत्या, पर डीजेवाल्याला, बैलाला न्हाई. ढोराला काय कळतंय, म्हणली. रातीच माती दिली.

सकाळी रापी घेतली, आमचं कातडं कापायचं हत्यार, अन् माधवच्या गोठ्यात गेलो. बैल मारायचाच व्हता. माधव माझ्या पोराच्या वयाचा, दारातच उभा व्हता. माझ्या हाताकडं बघितलं अन् बाजूला सरला.

"चाचा, मारा. म्या आडवा येणार न्हाई."

आत बघतो तर बैल आडवा पडलेला. लोकांनी काठ्या, दगड, मिळंल त्यानं हाणला व्हता. एक डोळा गेलेला, शिंगाचा रंग अन् रगत एकच झालेलं. वळ न्हाई अशी हातभर जागा त्याच्या अंगावर न्हवती. जवळच माझं दांडकं पडलेलं, मोडलेलं, बैलाचे केस चिकटलेलं. नगाऱ्याच्या दांडक्यानंच कुणीतरी त्याला कुटला व्हता. मला बघून त्यानं उठाया बघितलं, पाय धरंना.

"पाणी पाज त्याला," एवढंच म्हणलं अन् घरी आलो.

धाकटा कोपऱ्यात पालथा पडला व्हता, कुणी आणून ठेवला देव जाणे. चूल पेटवली, शेकाया घेतला. टिचकी मारली, काय कळंना. अजून शेकला, परत टिचकी मारली. बस म्हणायला कोण न्हवतं, मंग शेकतच बसलो, बोटं भाजली तरी, कातडं फुटून त्याचा आवाज गल्लीभर जाईस्तवर.