रेघ वाकते कुठे

— अहो, बटणं काय दाबताय, ती सगळी माझी दाबून झालीत. तुम्ही दुरुस्तीवाले, तुम्हाला आधी बटणंच दिसणार. इकडे या, माझ्या मागे उभे राहा आणि ही भिंत बघा — नकाशातली हो, ही लांब रेघ — मधे पोट सुटलंय की नाही तिला? नाही? सरळ दिसते? बरं.

मी या मॉनिटरला नुसती नावं ठेवते असं समजू नका. चौतीस इंची आहे, फाटकापासून मागच्या अंगणापर्यंत अख्खं घर एका नजरेत मावतं, सरकवत बसावं लागत नाही — मान्य. अक्षरं सुईने कोरल्यासारखी — तेही मान्य. पण इतकी बारीक की मापं वाचायला नाक टेकवावं लागतं, आणि मोठी करावीत तर आमचं जुनं सॉफ्टवेअर सगळं धूसर करून टाकतं. शिवाय समोर बसलेल्याला ठीक, बाजूला उभं राहणाऱ्याला सगळं तिरपं — आणि आमचे साहेब नेमके बाजूलाच उभे राहतात. मुळात असला वळलेला पडदा सिनेमा बघणाऱ्यांसाठी, सरळ रेघा ओढणाऱ्यांच्या टेबलावर तो आणायची अक्कल कोणाची? माझी नाही. मी सव्वीस वर्षं घरांचे नकाशे काढतेय, आधी कागदावर शाईने, मग यावर. लोखंडी पट्टी लावून बघितलीय मी पडद्याला — हसू नका — टोकं टेकतात आणि मधे बोट जातं. म्हणजे वाक आहेच ना?

पडद्याला आहे, रेघेला नाही — ते मलाही कळतं हो. कळत असूनही... विचारलंत म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. मधे एक बिंदू घातला आणि भिंत आत ओढली, डोळ्याला सरळ दिसेपर्यंत. माप न बघता. मी! गवंड्याने कागदाबरहुकूम बांधली, चार बोटं आत. पाडावी लागली. साहेब म्हणाले, ताई, आता तुम्ही फायली सांभाळा. मी म्हटलं, दोष पडद्याचा आहे, आधी तपासून घ्या, मग मला उठवा. म्हणून तुम्ही आलात. तेव्हा लिहा, मॉनिटर सदोष. सही करा आणि निघा.

सपाट पडदा आणलाय? मग लावा की शेजारी, मी काय घाबरते? तीच भिंत उघडा. हं. थांबा जरा, चष्मा पुसू द्या. एकेक डोळा कशाला झाकायचा? बरं, हा डावा झाकला — सरळ आहे, बघा. आता उजवा —

...

काही बोलू नका. आणि असं बघूही नका माझ्याकडे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझी मी जाईन. एक डोळा धड आहे, आणि आकडे टाकून भिंत काढायला तो पुष्कळ आहे. फायली सांभाळायला दुसरं कोणी बघा म्हणावं. आणा तो कागद. 'मॉनिटर ठीक' असं लिहा — हो, तसंच, बिचाऱ्या यंत्रावर आळ कशाला? साहेबांना मी सांगते, तुम्ही मधे पडू नका. आणि आता जरा उजेडातून बाजूला व्हा, माझं काम पडलंय.