डिंक्यावरचं मलम

अमरावतीच्या दातांच्या दवाखान्यात चारुता हिरडीच्या ऑपरेशनला संमतीचा, सही केलेला कागद घडी करून बसली होती. तिच्या आधी नंबर होता वरूडच्या संत्रावाल्या गोवर्धनभाऊंचा, त्याच ऑपरेशनसाठी. सोबत बायको, माणिकबाई. दोघं कुजबुजत होते, पण वऱ्हाडातली कुजबुज शेजारच्या गल्लीतही ऐकू जाते.

“डॉक्टर हिरडी उघडते, आतून खरवडते, इथवर ठीक हाय,” गोवर्धनभाऊ म्हणाले. “मंग वरून थे जेल कायले?”

“जखम बरी भरते म्हने.”

“कायचं हाय थे?”

“हायलुरॉनिक का काय. आपल्याच आंगात असते म्हने.”

“आंगात असते तं बाहेरून कावून भरते?”

“अवो, संत्र्याच्या झाडाले डिंक्या लागला, खोडातून डिंक गळाले लागला, का तुमी साल खरवडता, अन वरून बोर्डो मलम लावता. थे कायले?”

“थे येगळं.”

“येगळं कसं? मलमानं झाड वाचते काय?”

“झाड खरवडल्यानं वाचते. मलम निस्तं जोडीले. जखम चिघळू नये म्हनून.”

“मंग डॉक्टर काय बोलला?”

गोवर्धनभाऊंनी डॉक्टरच्या बंद दाराकडे पाहिलं.

“हेच बोलला. अगदी हेच.”

“मंग झालं तं!”

“झालं कुठं? मले पटन थेच बोलून राहिला थो. बगीच्यात सौदा कराले आलेला व्यापारी असाच बोलते.”

चारुताने कागदाची घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.