दिसतं म्हणून हुकलेला सभासद

...आणि वर मलाच विचारते, "काका, तुम्हाला दिसतं ना?" आता दिसतं, हा काय माझा गुन्हा झाला? तुम्हीच सांगा!

म्हणजे त्याचं असं झालं... आमची ही गेली. गेली म्हणजे कुठं बाहेरगावी नाही हो... गेलीच. हिला एक नाद होता, अंधांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. आतल्या खोलीत, दार लावून. मी आपला बाहेर पेपर घेऊन! आता ती नाही, तर घर असं खायला उठतं की म्हटलं, चला, निदान हिचा आवाज तरी घरी आणू.

गेलो सार्वजनिक वाचनालयात. तिथं सगळे पेन्शनर, शब्दकोड्यावरून हमरीतुमरी! तिथला माणूस म्हणे, "बोलकी पुस्तकं? कॉलेजच्या ग्रंथालयात बघा, काका." गेलो. तिथं पोरं पुस्तकांची उशी करून घोरतायत! "ते अंधांच्या ग्रंथालयात मिळेल, आजोबा." घ्या! एका दुपारीत काकाचा आजोबा झालो!

शेवटी अंधांचं ग्रंथालय. तर टेबलावरची ही मुलगी म्हणते, "फक्त अंध सभासदांना मिळतं. नियम आहे." अगं, बायको माझी, खोली माझी, विजेचं बिल माझं! "हो, पण तुम्हाला दिसतं ना?" दिसतं, हा काय माझा गुन्हा?

संतापलो की मला शिंक येते. दिली एक दणदणीत! तशा कोपऱ्यात बोटांनी वाचत बसलेल्या एक बाई ताडकन उठल्या. "थांबा! ही शिंक मी ओळखते! तुम्ही आमच्या वाचणाऱ्या ताईंचे मिस्टर ना?" झालं, सगळे भोवती गोळा! "अहो, प्रत्येक पुस्तकात असता तुम्ही! तुमची शिंक येते, ताई म्हणतात, 'जरा हळू!' आणि पुढं वाचतात." सगळे हसले... मग कुणीतरी विचारलं, "ताईंचं नवीन कधी येणार?"

काय सांगू? सांगितलं.

त्या बाईंनी आपल्या नावावर हिचं शेवटचं पुस्तक काढलं, शेजारी बसवून मला ऐकवलं. आवाज दमलेला... दर ओळीला थांबत होती. मध्येच वाचन तोडून म्हणाली, "अहो, तुम्ही जेवून घ्या. मला वेळ लागेल."

आणि मी मोठ्यानं म्हणालो, "नाही, थांबतो मी!"

ती टेबलावरची मुलगी लगेच, "श्शू! काका, आवाज नको!"

बघा! जन्मभर ही म्हणायची, "अहो, बोला की काहीतरी..." आणि आता बोलावं, तर समोर पाटी... 'शांतता राखा'!