आठशे फूट खोल बंदर

समुंदर कहाँ है, समुंदर, असं मॅडम ओरडत होत्या, आणि काय सांगू तुम्हाला, त्या आवाजानं आमच्या बंदरातले भरलेले कंटेनरसुद्धा स्वल्प मागं सरकले. दिल्लीहून तपासणीला आलेल्या त्या बाई, समोर ट्रॉलीवर चढवलेली नारिंगी पोलीस बोट, खाली लाल माती आणि चारी दिशांना नुसतं बंगळुराचं व्हाइटफील्ड. आमचे इन्स्पेक्टरसाहेब स्वतःच्या बुटांकडं बघत होते. मी बोटीकडं.

मी हवालदार मालोजीराव, ठाण्यात सगळे रावण्णा म्हणतात. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांमागं घोड्यावर बसून इकडं आले ते इथलेच झाले, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. घोडे गेले, माझ्या वाट्याला पोलीस व्हॅन आली. तीस वर्षं चालवली. रिंग रोडचा एकेक खड्डा मला नावानं ओळखतो. शेवटी मणक्यांनी राजीनामा दिला, डॉक्टर म्हणाले, रावण्णा, आता व्हॅन चालवलीत तर कायमचे आडवे व्हाल. पेन्शनला दोन वर्षं राहिलेली. ठाण्यात बसायचं काम म्हणावं तर एक नाही.

तेवढ्यात योजना निघाली, बंदरांच्या सुरक्षेसाठी स्थानिक पोलिसांना सरकारी अनुदान. हसू नका, आमच्या हद्दीत बंदर आहे, कोरडं बंदर. समुद्राकाठून कंटेनर रेल्वेनं येतात आणि इथं उघडतात. गेटवर कॅमेरे मिळणार होते, दिवे मिळणार होते, आणि कॅमेऱ्यांपुढं बसायला एक हवालदार. बसायला हो! साहेब म्हणाले, रावण्णा, तुझं अक्षर चांगलं, फॉर्म तू भर, मंजूर झालं तर ती खुर्ची तुझी. भरला. एका रकान्यात होतं, बंदरातल्या पाण्याची खोली किती. आता बंगळुरात पाण्याची खोली विचारल्यावर माणूस काय लिहिणार? आमच्या आवारातल्या बोअरवेलची लिहिली. आठशे फूट.

अनुदान आलं. कॅमेरे आले, खुर्ची आली, आणि एवढ्या खोल बंदराला बिनबोटीचं कसं ठेवायचं, म्हणून बोट आली. साहेब म्हणाले, परत पाठवू या का? मी म्हटलं, साहेब, बोट परत गेली तर चूक कळणार, चूक कळली तर अनुदान जाणार, अनुदान गेलं तर मी परत व्हॅनवर. त्यांनी बोटीच्या पावतीवर सही केली. देवमाणूस. मी रोज बोट पुसायचो, इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून चालवायचो. येणारे-जाणारे ट्रकवाले विचारायचे, काय अण्णा, मासे लागले का?

आणि मग रात्रभर कोसळलेल्या पावसानं एका सकाळी शेजारचं बेळ्ळंदूर बुडालं. साहेबांनी स्वतः जीपला ट्रॉली बांधली. रस्त्यावर पाणी एवढं, की सिग्नल लाल झाला म्हणून मी बोट थांबवली, सवय हो. मणक्यांनी हूं केलं नाही, पाण्यावर खड्डे लागत नाहीत. एका अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावरून एक आजी मराठीत ओरडल्या, अहो, कुठून आलात? म्हटलं, व्हाइटफील्डच्या बंदरातून. त्या म्हणाल्या, पुण्याहून येऊन चार वर्षं झाली, मुलानं एकदाही दाखवलं नाही मेल्यानं! म्हटलं, आधी उतरा. तर म्हणे, थांबा, भाताच्या कुकरची एक शिट्टी राहिलीय. थांबली बोट. शिट्टी झाली, आजी कुकरसकट उतरल्या. त्या दिवशी मी अर्धं बेळ्ळंदूर बाहेर काढलं. साहेब म्हणतात, सत्तावीस माणसं. बरं, सत्तावीस.

हे सगळं मॅडमना सांगितलं, फॉर्मसकट, बोअरवेलसकट. म्हटलं, चूक माझी, साहेबांची नाही, हवं तर मला उद्यापासून व्हॅनवर घाला. त्या माझ्याच खुर्चीत बसून बोटीची वही वाचत होत्या. एकाच दिवसाची नोंद, सत्तावीस नावं, आजींच्या नावापुढं मी कुकरही लिहिलेला. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, बोट राहील, ही खुर्चीही राहील, पण तुमचा तो आठशेचा आकडा पुढच्या कागदात तसाच गेला तर माझी नोकरी जाईल. तो आत्ता माझ्यासमोर दुरुस्त करा.

मी पेन काढलं. म्हटलं, सरी मॅडम, बरं, करतो. बोअरचं पाणी आता हजारावर गेलंय.