कोळसा घातलेला पालक

...म्हणजे पालक लावायचा, वाढवायचा, जुड्या बांधून दारोदार न्यायचा, आणि लोकांनी तो असा दोन बोटांत धरायचा, जसं काही मी मेलेला उंदीर आणून दिलाय. तुम्हाला सांगतो, पालक पिकवणं सोपं आहे, पण खाणार कोण?

झालं काय, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. ही गेली, मुलगी दूरच्या शहरात, दुकान विकून घरात बसलो तर भिंती अंगावर यायला लागल्या. तेवढ्यात कळलं, सांडपाण्याच्या केंद्रामागची जमीन नगरपालिका भाजी लावायला देतेय, पाणी फुकट. पाणी कुठलं? तुमचं-आमचंच, मोरीतलं, न्हाणीघरातलं, त्यापुढचं विचारू नका, टाक्यांतून निवळून येणारं. घेतला एक तुकडा. म्हटलं, चार माणसं भेटतील, बोलणं होईल. तर बाकीचे पाणी सोडून आपापल्या कामाला पळायचे, आणि मी एकटाच पालकाशी गप्पा मारत बसायचो.

पहिला पालक असा आला, एकेक पान म्हणजे चपलेएवढं! तिथं माती तपासणाऱ्या बाई यायच्या, त्यांनी पानं नेली आणि परत येऊन म्हणाल्या, "काका, हा खाऊ नका. शिसं उतरलंय यात." पाणी निवळतं हो, पण कारखान्यांचं जे काही त्यात मिसळतं ते मातीत साठत जातं, आणि पालक मेला हावरट, ओढून घेतो. सगळा उपटला. पालकासाठी कधी कोण रडतं का? मी रडलो.

मग बाईंनीच शिकवलं. लाकडाचे तुकडे झाकणाच्या डब्यात भाजायचे, राख होऊ द्यायची नाही, कोळसा करायचा, तो कुटायचा, कुजलेल्या खतात मुरवायचा, मातीत कालवायचा, वर बेताचा चुना. शिसं मग मातीतच धरून राहतं, मुळांकडे सहजी जात नाही. जंतूंचं वेगळं... पाणी पानांवर नाही, मुळाशी द्यायचं, काढणीआधी काही दिवस बंद ठेवायचं, आणि भाजी नीट धुऊन, शिजवूनच खायची. कोळसा कुटून मी असा काळाकुट्ट व्हायचो की समोरच्या वहिनींनी एकदा दार उघडून विचारलं, कोण पाहिजे म्हणून.

पुढचा पालक बाईंनी पुन्हा तपासला. "आता बिनघोर खा," म्हणाल्या. बिनघोर, बरं का! पण खाणार कोण? वहिनी म्हणाल्या, कशाला त्रास घेतलात, आणि संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात माझीच जुडी, मी बांधलेल्या दोऱ्यासकट. खालच्या शिंप्याला पालक चालत नाही, मुतखडा आहे. इस्त्रीवाल्यालाही मुतखडा. वरच्या मास्तरांनाही. अख्ख्या इमारतीत मुतखड्याची साथ आली हो, आणि ती फक्त माझ्या पालकानं!

मुलीला फोनवर सांगितलं, तर तिनं हळूच विचारलं, बाबा, गटाराच्या पाण्याची भाजी खाता? मी कोळसा सांगितला, चुना सांगितला, ती म्हणे एकदा डॉक्टरांना दाखवून या. आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच हजर. भेटायला नव्हे, माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला.

तिला वाफ्यावर नेलं. आधी नाकाला रुमाल लावून उभी होती, मग खाली बसली, माती चिमटीत घेतली, काळी, भुसभुशीत. म्हणाली, "बाबा, एवढं सगळं कुणासाठी करता?"

म्हटलं, ऊन लागतंय, घरी चल.

घरी मीच भाजी केली. ताट वाढलं आणि उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण तिचा चेहरा बघायची छाती होईना. मग चमच्याचा आवाज आला. वळून बघतो तर खातेय. खरंच खातेय!

"बाबा," म्हणाली, "मीठ नाहीये यात."

दोन हंगाम माती सुधारली आणि मीठच विसरलो. स्वयंपाक हीच करायची ना. पोरीनं वरून मीठ घेतलं, पुन्हा वाढून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी गेली, नोकरी आहे तिला, जाणारच.

तेव्हापासून आठवणीनं घालतो. हल्ली तर अगदी बरोबर पडतं मीठ. बरोबर पडलंय हे सांगायला समोर कुणी नसतं, एवढंच.